दोऱ्याची गाठ: हार्ट अटॅकच्या प्राणी-प्रयोगांची पार्श्वभूमी

कुत्र्याची छाती उघडायची, धडधडत्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एक रोहिणी शोधायची, तिच्याखालून दोरा ओवायचा आणि गाठ मारायची. हार्ट अटॅकचा प्रयोगशाळेतला अभ्यास शंभराहून अधिक वर्षं याच कृतीभोवती फिरत राहिला. वाचताना अंगावर काटा येतो, पण आज झटका आलेल्या माणसाला इस्पितळात नेण्याची जी घाई केली जाते, तिच्यामागचा मोठा पुरावा याच टेबलावर जमा झाला.

सुरुवातीला या गाठीने शास्त्रज्ञांना चकवलं. जर्मनीत यूलियुस कोनहाइम यांनी १८८१ साली कुत्र्यांच्या रोहिण्या बांधल्या, तर हृदयं काही मिनिटांतच थांबली. हृदयाची रोहिणी अचानक बंद झाली की मृत्यू अटळ, असा समज त्यातून पक्का झाला. पुढच्या दशकात अमेरिकेत विल्यम पोर्टर यांनी दाखवलं की कोणती रोहिणी बांधली यावर सगळं अवलंबून असतं आणि बरेच प्राणी त्यातून वाचतात. तरीही डॉक्टरांच्या मनातला समज हलला नाही. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये लिहिलं की माणूसही अशा अडथळ्यातून जगू शकतो. तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग त्यांचे सहकारी फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या रोहिण्या बांधून ईसीजीचे आलेख काढले आणि ते १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. आलेखात ठरावीक बदल दिसत होते. तसेच बदल रुग्णांमध्येही सापडू लागले, तेव्हा कुठे हेरिक यांचं म्हणणं लोकांना पटलं. १९३५ मध्ये टेनंट आणि विगर्स यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: रक्त तोडलं की त्या भागातला स्नायू मिनिटाभराच्या आत आकुंचन पावणं सोडतो.

मला मात्र या इतिहासातलं खरं वळण गाठ मारण्यात नाही, सोडण्यात दिसतं. १९६० मध्ये रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी रोहिणी ठरावीक वेळ बंद ठेवून पुन्हा मोकळी केली. साधारण वीस मिनिटांच्या आत रक्त परतलं तर पेशी सावरत होत्या, त्यानंतर मरायला लागत. १९७७ मध्ये राइमर आणि जेनिंग्ज यांनी यात भर घातली. हा मृत्यू एकाच क्षणी येत नाही, लाटेसारखा हृदयाच्या आतल्या थराकडून बाहेर सरकतो. चाळीस मिनिटांनी मोकळ्या केलेल्या हृदयात बरंच काही वाचतं, सहा तासांनी फार थोडं. १९८६ मध्ये इटलीतल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दिल्यावर मृत्यू कमी झाले आणि जितकं लवकर दिलं तितका फायदा जास्त दिसला. कुत्र्यांच्या हृदयातली ती लाट माणसातही होती.

प्राणी बदलले की उत्तरंही बदलतात. कुत्र्याच्या हृदयात रोहिण्यांना जोडणाऱ्या आडवाटा भरपूर, त्यामुळे एक रस्ता बंद झाला तरी थोडं रक्त पोचतं. डुकरात त्या जवळपास नसतात. उंदरांचं वेगळंच. भारतातल्या फार्मसी कॉलेजांत अजूनही लोकप्रिय असलेली आयसोप्रोटेरेनॉलची पद्धत १९५९ ची. या औषधाच्या मोठ्या मात्रेने उंदराचं हृदय इतकं ताणलं जातं की स्नायू मरतो. स्वस्त आहे, शस्त्रक्रिया लागत नाही. पण रोहिणीत अडथळाच नसताना त्याला हार्ट अटॅक का म्हणायचं, हा प्रश्न कित्येक शोधनिबंधांत विचारलाच जात नाही.

माणसाची रोहिणी कुणी दोऱ्याने बांधत नाही. वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते. रुग्ण बहुधा वयस्क असतो, मधुमेह असतो, बीपीच्या गोळ्या चालू असतात. प्रयोगातला प्राणी तरुण आणि धडधाकट. बंद रोहिणी मोकळी होऊन रक्त परततं, तेव्हाही स्नायूला काही इजा होते. ती थोपवणारी कितीतरी औषधं म्हणूनच प्रयोगशाळेत चालली आणि वॉर्डात पडली. सायक्लोस्पोरिनचं उदाहरण घ्या. प्राण्यांनंतर २००८ मध्ये ५८ रुग्णांवरही निकाल चांगला आला. २०१५ मध्ये ९७० रुग्णांची चाचणी झाली, फायदा शून्य.

अशा अपयशांमुळे बोट प्रयोगांच्या शिस्तीकडेही वळलं: प्राणी कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं का, मोजणाऱ्याला ते माहीत होतं का? अमेरिकेत सरकारी पैशातून अनेक प्रयोगशाळांनी एकत्र येऊन उंदीर, ससे आणि डुकरं यांच्यावर तेच प्रयोग एकाच काटेकोर पद्धतीने केले. १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि राइमर यांना कुत्र्यांत सापडलेली युक्ती तिन्ही प्राण्यांत टिकली: मोठ्या अडथळ्याआधी काही मिनिटांचे छोटे छोटे अडथळे दिले तर हृदय कमी मरतं. अडचण एवढीच की ही तयारी झटका येण्याआधी करावी लागते, आणि रुग्ण येतो तो झटका आल्यावर.