ब्राझिलियन जिउ-जित्सूतील अवघड सबमिशन डाव

प्रतिस्पर्ध्याचा सांधा पिरगाळून किंवा गळा आवळून त्याला हार मानायला लावणाऱ्या डावाला ब्राझिलियन जिउ-जित्सूत सबमिशन म्हणतात. हरणारा मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर हात थोपटतो, म्हणजेच टॅप करतो, आणि लढत संपते. मागून गळा आवळणे, आर्मबार (हात ताणून कोपर उलटे वाकवणे), ट्रँगल (पायांच्या त्रिकोणात गळा आवळणे), गिलोटिन (समोरून मान काखेत धरून आवळणे) हे रोजच्या सरावातले डाव. त्यांच्यापलीकडे असे काही डाव आहेत, जे नावाने सगळ्यांना ठाऊक असतात, पण खऱ्या लढतीत क्वचितच लागतात. 'अवघड डाव' असा वर्ग कोणत्याही नियमपुस्तकात नाही. शेवटची पकड सहसा अवघड नसतेच. समोरचा स्वस्थ पडून राहिला तर ती नवशिक्यालाही जमते. अवघड असते ती तिथवर पोहोचण्याची वाट, आणि डाव फसल्यावर आपण कुठल्या अवस्थेत सापडणार हा हिशेब.

गोगोप्लाटा हे याचे ठळक उदाहरण. खाली पाठीवर असलेला खेळाडू आपला पाय प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून आत ओढून त्याच्या हनुवटीखाली सरकवतो, नडगी श्वासनलिकेवर टेकवतो आणि दोन्ही हातांनी त्याचे डोके मागून धरून खाली खेचतो. ज्युदोत याला कागातो-जिमे, म्हणजे टाचेने आवळणे, असे नाव आहे. खुबा आणि गुडघा विलक्षण लवचिक नसेल तर पाऊल हनुवटीपर्यंत येतच नाही. ओढूनताणून आणले तर गुडघा आपलाच दुखावतो. शिवाय प्रतिस्पर्ध्याने मान ताठ करून धड सरळ केले की सगळी खटपट वाया. तरीही शिन्या आओकीने 31 डिसेंबर 2006 रोजी प्राइड या जपानी मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेत योआकिम हान्सनला याच डावाने हरवले. दोनच महिन्यांनी निक डियाझने ताकानोरी गोमीवर तो लावला. डियाझ चाचणीत गांजासाठी दोषी आढळल्याने तो निकाल पुढे रद्द झाला. डाव मात्र लोकांच्या लक्षात राहिला.

गोगोप्लाटाची वाट बरेचदा फसलेल्या ओमोप्लाटातून जाते. ओमोप्लाटा म्हणजे पोर्तुगीजमध्ये खांद्याचे पाते. इथे प्रतिस्पर्ध्याचा हात पायांच्या कैचीत धरून खांदा फिरवला जातो. किमुरा या खांदा पिरगाळणाऱ्या पकडीत जे काम हात करतात तेच इथे पाय करतात. (किमुरा हे नाव जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरावरून आले. 1951 मध्ये माराकाना स्टेडियमवर त्याने ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या एलिओ ग्रेसीला त्या पकडीने हरवले होते.) ओमोप्लाटा शिकवला सगळीकडे जातो, पण त्याने लढत संपणे विरळा, कारण प्रतिस्पर्धी पुढे कोलांटी मारून निसटतो. म्हणून जाणकार त्याचा उपयोग समोरच्याला उलटवण्यासाठीच अधिक करतात. यूएफसी या अमेरिकी मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेत ओमोप्लाटाने पहिला विजय मिळायला 2014 उजाडले. तो बेन सॉन्डर्सने मिळवला.

ट्विस्टर हा मुळात कुस्तीतला डाव. शाळेत कुस्ती खेळलेल्या एडी ब्राव्होने तो जिउ-जित्सूत आणून रुजवला. प्रतिस्पर्ध्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवून कमरेखालचा भाग जखडायचा, त्याचा वरचा हात आपल्या डोक्यामागे न्यायचा आणि मग त्याचे डोके धरून उलट दिशेला ओढायचे. कंबर जागची हलत नाही आणि मान वळत जाते, त्यामुळे सगळा पीळ पाठीच्या कण्यावर येतो. 26 मार्च 2011 रोजी चान सुंग जुंगने लिओनार्ड गार्सियाला दुसरी फेरी संपायला एक सेकंद उरला असताना असे अडकवले. यूएफसीतला हा पहिला ट्विस्टर. दुसरा 2019 मध्ये ब्राइस मिचेलने लावला.

काही डाव अंगाच्या लवचिकतेमुळे नव्हे, तर जागेमुळे अवघड होतात. इझिकेल चोक ज्युदोपटू इझेकिएल पाराग्वासूच्या नावाने ओळखला जातो. गीच्या, म्हणजे सरावाच्या जाड कापडी पोशाखाच्या, बाहीत चार बोटे घालून दोन्ही हातांच्या कैचीत गळा आवळायचा, एवढीच त्याची रचना. छातीवर बसून तो सोपा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बंद गार्डमध्ये, म्हणजे त्याने पाठीवर पडून पायांनी आपली कंबर वेढलेली, असताना लावायचा म्हणजे आपलेच दोन्ही हात त्याच्या आर्मबारला देऊ करणे. ॲलेक्सी ओलेनिकने जानेवारी 2017 मध्ये याहूनही अजब प्रकार केला. व्हिक्टर पेश्ता त्याच्या छातीवर बसलेला, अंगात गी नाही, आणि तरी ओलेनिकने खालूनच हा डाव पूर्ण केला. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याचा गाफीलपणा हे निम्मे भांडवल असते: वरचा माणूस धोक्यात आहे, हे त्याला स्वतःलाच पटत नाही.

व्हॉन फ्लू चोक तर समोरच्याने चूक केल्याशिवाय लागतच नाही. त्याने गिलोटिन लावला, आपण गार्ड ओलांडून त्याच्या बाजूला आलो आणि तरीही त्याने मान सोडली नाही, की खांदा त्याच्या गळ्यावर दाबायचा. इतक्या मोजक्या प्रसंगावर अवलंबून असलेल्या डावाने ओव्हिन्स सेंट प्रूने यूएफसीत 4 लढती जिंकल्या, हे नवलच.

उडी मारून लावायचा आर्मबार बघायला सर्वांत देखणा. 1999 मध्ये जपानच्या शूतो स्पर्धेत रुमिना सातोने अवघ्या 6 सेकंदांत त्याने लढत जिंकली. फसला तर मात्र खेळाडू पाठीवर आदळतो आणि वरची जागा प्रतिस्पर्ध्याला फुकट मिळते.

अवघडपणात नियमांचाही वाटा आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयबीजेजेएफच्या, स्पर्धांत ट्विस्टरला बंदी आहे, कारण मान आणि कणा पिळणाऱ्या पकडी तिथे चालत नाहीत. स्पर्धेत चालत नाही तो डाव सरावातही मागे पडतो. हील हुकचे बरीच वर्षे हेच झाले. टाच धरून पाय फिरवला की भार गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो, आणि वेदना जाणवेपर्यंत इजा होऊन गेलेली असू शकते. 2021 पासून महासंघाने तो मोकळा केला, पण फक्त गीशिवायच्या लढतींत आणि प्रौढ ब्राउन व ब्लॅक बेल्टसाठी.