अर्धवेळ अग्निशामकाची निवड (ठाणे–नवी मुंबई)

अर्धवेळ अग्निशामक म्हणजे पोटापाण्याचा उद्योग वेगळा असलेला आणि वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की हातातले काम टाकून आगीवर जाणारा माणूस. इंग्लंडमध्ये असे पद सरकारी अग्निशमन दलातच असते. केंद्रापासून साधारण पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारा किंवा काम करणारा उमेदवार घेतला जातो आणि पेजर वाजला की तो केंद्रावर धावतो. जर्मनीत गावोगावच्या आगी मुख्यतः स्वयंसेवकच विझवतात. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या दलांतला जवान मात्र पूर्णवेळ, पाळीत काम करणारा पालिका कर्मचारी आहे. इथला अर्धवेळ अग्निशामक दोन वाटांनी घडतो: ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची स्वतःची पथके आणि नागरी संरक्षण दल. होमगार्ड ही तिसरी वाट सांगितली जाते, पण त्या दलाचे रोजचे काम बंदोबस्ताचे आहे.

पालिका भरतीशी होणारी गल्लत

पालिकेच्या जाहिरातीतली मापे अनेक इच्छुकांना पाठ असतात: उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ८६, वजन किमान ५० किलो. पुरुषांसाठीचे हे निकष राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रातल्या सहा महिन्यांच्या अग्निशामक अभ्यासक्रमालाही लागतात. हे केंद्र सांताक्रूझला, कलिन्याच्या विद्यानगरीत आहे. अर्धवेळ निवडीत ही मापे बंधनकारक नाहीत. उंची दोन सेंटिमीटरने कमी पडली म्हणून पालिकेत न गेलेला मुलगा कारखान्याच्या पथकात उत्तम काम करू शकतो. मात्र पथकातला अनुभव पालिकेच्या भरतीत त्या अभ्यासक्रमाची जागा घेत नाही. याबाबत सर्रास दिशाभूल होते. ‘फायरमन’ असे छापलेले दोन-तीन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र घेऊन लोक अर्ज भरतात आणि कागदपत्र पडताळणीत बाद होतात.

होमगार्डची मापे वेगळी आहेत. २०२४ च्या नोंदणीत वय २० ते ५०, शिक्षण दहावी, पुरुषांची उंची १६२ आणि स्त्रियांची १५० सेंटिमीटर अशी अट होती. मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० आणि स्त्रियांना ८०० मीटर धावणे होते, शिवाय गोळाफेक.

नागरी संरक्षण दल

हे दल नागरी संरक्षण अधिनियम, १९६८ नुसार चालते. त्याच्या बारा सेवांपैकी एक अग्निशमनाची आहे. वय १८ पूर्ण आणि शिक्षण किमान चौथी, एवढीच मूळ अट. अर्ज, ओळखीचे पुरावे, चारित्र्य पडताळणी आणि प्राथमिक प्रशिक्षण या क्रमाने नाव लागते. खरी चाळणी प्रशिक्षणाच्या हजेरीत होते. पहिल्या दिवशी वर्ग भरलेला असतो. स्टिरप पंपाचा, म्हणजे बादलीतले पाणी हाताने मारायच्या छोट्या पंपाचा, सराव सुरू झाला की तो विरळ होतो, कारण त्यात मिरवण्यासारखे काही नाही. एकाने नळी धरायची, एकाने पंप मारायचा, बाकीच्यांनी बादल्या भरत राहायच्या आणि मधूनमधून जागा बदलायच्या. बादली वाहताना जो कुरकुरत नाही, त्याच्यावर निदेशकाची नजर जाते.

कारखान्याचे पथक

दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत पसरलेल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे आणि रंगांचे कारखाने दाटीने आहेत. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याला कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४१-ब नुसार आपत्कालीन आराखडा ठेवावा लागतो. घातक रसायनांचा मोठा साठा असलेल्या ठिकाणी १९८९ च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी रंगीत तालीमही घ्यावी लागते. त्या आराखड्यात अग्निशमन पथकाची नावे असतात, आणि इथली निवड म्हणजे ती नावे ठरवणे.

सुरुवात हिशेबापासून करावी. पाळीत सहा माणसे हवी असतील तर तीन पाळ्यांची अठरा झाली. प्रत्येकाची आठवड्याची एक सुट्टी धरली की आकडा एकवीसवर जातो. रजा, आजारपण आणि गणपतीला गावी जाणारे मोजले तर चोवीसहून कमी नावांवर पथक चालत नाही. यादीत अठराच नावे असली तर रात्रपाळीला पथक तीन-चार माणसांचे उरते. हे बहुधा भोंगा वाजल्यावरच कळते. घरी असलेल्या माणसाला या मोजणीत धरू नये. इंग्लंडमधला पाच मिनिटांचा हिशेब ठाणे–बेलापूर रस्त्यावर संध्याकाळी सातला लागू होत नाही.

दुसरी चाळणी कामाच्या जागेची. ज्याला आपले यंत्र सोडता येत नाही, तो कितीही धडधाकट असला तरी पथकात नको. भोंगा वाजल्यावर रिअॅक्टरवरच्या ऑपरेटरला आधी तापमान उतरवून प्रक्रिया सुरक्षित थांबवायची असते. तो होजकडे, म्हणजे आगीवर पाणी मारायच्या नळीकडे, धावला तर दुसरी आग तयार होते. बॉयलरवाल्याचेही तसेच. देखभाल विभाग, भांडार, पॅकिंग, प्रयोगशाळा आणि युटिलिटीतली (वीज, वाफ, पाणी पुरवणाऱ्या विभागातली) माणसे सोयीची पडतात. भांडारातला माणूस विशेष उपयोगाचा, कारण कोणत्या रॅकवर काय आहे आणि कशावर पाणी चालत नाही हे त्याला झोपेतही सांगता येते. संख्या भरण्यासाठी सुरक्षारक्षकांची नावे घालण्याची पद्धत वाईट आहे. आगीच्या वेळी फाटक उघडणे, बंबाला वाट दाखवणे आणि आत किती माणसे आहेत याची नोंद देणे हे त्यांचे काम असते. कंत्राटी कामगारांचे नाव घालायला हरकत नाही, पण कंत्राटदार बदलला की यादी त्याच दिवशी बदलावी लागते.

वैद्यकीय तपासणीत रक्तदाब, साखर, श्वासक्षमता, श्रवण आणि रंगदृष्टी पाहतात. रंग न ओळखणारा माणूस सिलिंडर आणि पाइपांवरचे रंगपट्टे चुकीचे वाचतो. फिट येण्याचा इतिहास किंवा दमा असेल तर आगीपुढचे काम देत नाहीत. उंचीची आणि बंद जागेची भीती उमेदवार तोंडाने सांगत नाही. ती मैदानावर दिसते.

होजची परीक्षा

नेहमीचा डिलिव्हरी होज ६३ मिलिमीटर व्यासाचा आणि १५ मीटर लांब असतो. कोरडा असताना तो एका हाताने उचलता येतो. पाणी भरले की त्यात जवळपास ४७ लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो वजन वाढते. म्हणून आधी होज पूर्ण पसरायचा, मगच ‘पाणी सोडा’ म्हणायचे. नवखा उमेदवार गुंडाळी फेकताना पीळ ठेवतो. पाणी येताच पिळाच्या जागी होज दुमडतो आणि ब्रांचच्या, म्हणजे होजच्या टोकाला हातात धरायच्या नळीच्या, तोंडाशी थेंब थेंब पाणी येते. दुसरी ठरलेली चूक जोडाची. एका होजचे मेल (आत शिरणारे) टोक दुसऱ्याच्या फीमेल (आत घेणाऱ्या) टोकात घुसले की ‘कट्’ असा आवाज येतो. त्यावर न थांबता जोड एकदा मागे ओढून पाहायचा. ओढून न पाहिलेला जोड दाबाखाली सुटला तर धातूचे टोक नडगी फोडते.

२० मिलिमीटरच्या नोझलमधून ७ बार दाबाने पाणी सुटते तेव्हा मागे येणारा धक्का सुमारे ४५ किलो वजनाइतका असतो. त्यामुळे ब्रांचवर दोघे लागतात, आणि परीक्षेत दोघांना मिळूनच गुण द्यावेत. पुढचा पाय वाकवून अंग पुढे झुकवायचे, मागच्याने होज काखेत दाबून धरायचा. ताठ उभा राहणारा दोन पावले मागे ढकलला जातोच. याच नोझलमधून मिनिटाला सुमारे ७०० लिटर पाणी जाते. ४,५०० लिटरची टाकी साडेसहा मिनिटांत संपते, म्हणून ‘पाणी बंद’ हा हुकूम ऐकून लगेच पाळणारा माणूस लागतो. जोरात धावणारे पुष्कळ मिळतात, गोंगाटात हुकूम ऐकणारे कमी.

मुखवट्याची परीक्षा

निकाल बहुतेक इथे लागतो. बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर वाहायच्या हवेच्या संचाच्या, ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला सुमारे १,८०० लिटर हवा असते. कागदावर ती पाऊण तास पुरते. श्रमाच्या कामात माणूस मिनिटाला ६० लिटर ओढू लागतो, आणि दाब ५५ बारच्या आसपास येऊन शिट्टी वाजेपर्यंत पंचवीस मिनिटेही मिळत नाहीत. घाबरलेल्याला त्याहून कमी मिळतात. दाढीचे खुंट किंवा चष्म्याच्या दांड्या मुखवट्याच्या कडेखाली आल्या तर हवा गळते. दाढी राखणाऱ्या उमेदवाराला हे नाव नोंदवतानाच सांगावे, त्या दिवशी वस्तरा हातात देऊ नये.

चाचणीसाठी मुखवट्याच्या काचेवर कागद चिकटवतात आणि जुन्या शेडमध्ये पिंपे, पॅलेट यांची अडथळ्यांची वाट करून त्यात होज पसरून ठेवतात. उमेदवाराने रांगत आत जायचे आणि होजवर हात ठेवून परत यायचे. दिशा जोडावरून कळते. बोटांना कानासारखे खटके लागतात ती जोडाची फीमेल बाजू, आणि ती पंपाकडची. तिकडे गेले की बाहेर. हे आधी उजेडात दहादा करून घेतले तरी अंधारात निम्मे लोक उलट वळतात. पहिल्या खेपेला चुकणे हा दोष मानू नये. कोणी मुखवटा ओढून काढतो. त्याला चेष्टेशिवाय बाहेर आणावे आणि दुसऱ्या दिवशी एकदाच पुन्हा विचारावे. नको म्हणाला तर पंपघर, हायड्रंटचा (होज जोडायच्या पाण्याच्या नळाचा) व्हॉल्व्ह किंवा बाहेर पडलेले कामगार जमतात त्या जागेवरची हजेरी ही तितकीच गरजेची कामे आहेत. शिट्टी वाजूनही ‘अजून थोडे’ म्हणत आत थांबणाऱ्याला मात्र वगळावे. तो स्वतःबरोबर जोडीदारालाही अडकवतो.

नाव लागल्यानंतर

तोंडी प्रश्न मोजकेच असतात, त्यातला पहिला नेहमी तोच: आग दिसली, आधी काय कराल? बरोबर उत्तर १०१ ला वर्दी. आग विझवायचे ६ किलोचे पावडरचे नळकांडे वीस सेकंदांच्या आसपास रिकामे होते. आधी ते मारून पाहू आणि नाही जमले तर फोन करू, या क्रमात बंबाची सुरुवातीची मिनिटे जातात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जानेवारी आणि जुलैत इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. बऱ्याच ठिकाणी त्याच महिन्यांत पथकाचीही फेरचाचणी उरकतात. ते सोयीचे आहे, पण जुलैच्या पावसात मैदान चिखलाचे असते आणि शिडीचा सराव हमखास टाळला जातो. तो ऑक्टोबरात वेगळा घ्यावा. फेरचाचणीत न बसणाऱ्याचे नाव यादीतून काढून फलकावरची यादी त्याच पाळीत बदलावी. बदली होऊन वर्ष झालेल्या माणसाचे नाव आणि बंद पडलेला मोबाइल नंबर तपासणीच्या दिवशी भिंतीवर सापडतो तो ही बदल न केल्यामुळे.