जुन्या रेसिंग गाडीत सिंथेटिक ऑइल टाकावं का?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्यांची मंडळी जमली की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुन्या इंजिनाला साधं ऑइलच मानवतं. दुसरा म्हणतो, महागातलं सिंथेटिक टाका आणि निर्धास्त व्हा. आमच्या मते पहिला प्रश्न सिंथेटिक की मिनरल, म्हणजे साधं, हा नाहीच. त्या ऑइलमध्ये झिंक किती आणि ग्रेड कोणता, म्हणजे ते किती पातळ किंवा घट्ट, हे आधी बघायला हवं.

काही वर्षांपूर्वी चेन्नईजवळच्या शोलावरमला, जिथे जुन्या विमान-धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे पळालेली एक फियाट ११०० आमच्याकडे आली. टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारा भाग) सेट केले तरी आवाज पुन्हा येतो, एवढीच तक्रार होती. मालकांनी मोठ्या मायेने नव्या गाडीचं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक तिच्यात भरलं होतं. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांचा (कॅमचा) दांडा, बाहेर काढला, तर दोन कॅमची टोकं झिजून बोथट झालेली आणि टॅपेटच्या तळाला खड्डे पडलेले. ऑइल चांगल्या प्रतीचं होतं, पण ते या इंजिनासाठी बनलेलंच नव्हतं.

या इंजिनांमध्ये टॅपेटला रोलर नसतो. सपाट दिसणाऱ्या टॅपेटवर कॅम थेट घासत फिरतो. रेसिंगसाठी कॅम जास्त उचलीचा आणि स्प्रिंग कडक बसवलेली असली, की त्या चिमुकल्या जागेवरचा दाब आणखी वाढतो. तिथे ऑइलचा थर तुटतो आणि धातूला धातू भिडतो. अशा वेळी झेडडीडीपी नावाचं झिंक-फॉस्फरसचं रसायन कामाला येतं. उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर काचेसारखा पातळ थर धरतं. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो.

पण फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, खराब होतो. म्हणून एपीआय या अमेरिकी संस्थेच्या २००४ च्या ‘एसएम’ ऑइल-दर्जापासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. आपल्या जुन्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, त्यामुळे आपण ही काटकसर सोसण्याचं कारण नाही. आम्ही २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५० घेतो आणि कंपनीच्या माहितीपत्रकात झिंक १००० ते १२०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास आहे ना, हे तपासतो. वरून झिंकची बाटली ओतू नका. प्रमाणाबाहेर झिंकही इंजिनाला बाधतं.

हे जमलं की सिंथेटिकचा विचार करा. इंजिन नुकतं बांधलेलं आहे, सील नवे आहेत आणि गाडी खरोखर ट्रॅकवर पळणार आहे, तर सिंथेटिकच टाका. कोईमतूरच्या करी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला सलग फेऱ्या मारताना ऑइल भयंकर तापतं. मिनरल ऑइल त्या उष्णतेत लवकर जळकट आणि चिकट होतं, सिंथेटिक जास्त वेळ टिकतं. बेअरिंगसाठी हा फरक मोठा आहे.

मात्र रिबोर करून, म्हणजे सिलिंडर आतून नव्याने घासून, पिस्टनला नव्या रिंग टाकल्या असतील, तर पहिले ८००-१००० किलोमीटर मिनरलच वापरा. रिंग सिलिंडरला नीट बसायला थोडं घासणं लागतंच.

इंजिन वर्षानुवर्षं उघडलेलंच नसेल तर आम्ही सिंथेटिक सुचवत नाही. क्रँकच्या मागचं दोरीचं सील वाळलेलं असतं, कॉर्कचे गॅस्केट आकसलेले असतात आणि कित्येकदा गाळानेच गळती थोपवून धरलेली असते. नवं ऑइल तो गाळ धुऊन काढतं आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली थारोळं दिसतं. दोष सिंथेटिकला जातो, सील मात्र आधीच गेलेलं असतं.

फार जुन्या रेसिंग गाड्यांची एक वेगळी गोष्ट. त्या काळी शर्यतीत एरंडेलाचं ऑइल वापरत. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं. एरंडेल धातूला घट्ट धरून राहतं, पण मिनरल ऑइलमध्ये नीट मिसळत नाही आणि साचलं की डिंकासारखं होतं. गाडीच्या इतिहासात एरंडेल असेल, तर ऑइल बदलण्याआधी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून ऑइलचे सगळे मार्ग साफ करावेच लागतात. यात आम्ही घाई करत नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनापेक्षा वेगळं बघावं लागतं. गिअर सहज पडावेत म्हणून बसवलेल्या पितळी सिंक्रो रिंग असतील तर जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल टाळा, जीएल-४ टाका.

ऑइल किती किलोमीटरवर बदलायचं, असं सगळे विचारतात. या गाड्यांना किलोमीटर लावूच नका. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीची, म्हणजे ‘व्हीए’ नंबरची गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. इतर जुन्या गाड्याही रविवारी घोडबंदर रोडला एक चक्कर मारून परत झाकल्या जातात. इंजिन पुरतं तापत नाही, आत पाणी धरतं, त्यात खाडीकाठची आपली दमट हवा. सिंथेटिक असो वा मिनरल, वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर ऑइल बदला.

गाडी आणाल तेव्हा सध्या कोणतं ऑइल आहे, इंजिन कधी बांधलं आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर किती दिसतं, एवढं सांगा. घरीच ऑइल काढलंत तर ते गटारात ओतू नका, तिथून ते ठाण्याच्या खाडीत जातं. कॅनमध्ये भरून जुन्या फिल्टरसकट आमच्याकडे आणा. फिल्टर आम्ही तुमच्यासमोर कापतो आणि त्याच्या घड्यांवरून चुंबक फिरवतो. कॅम झिजायला लागला असेल, तर त्याची पूड तिथेच सापडते.