योसेफाचा कारभारी फक्त हुकमाचा ताबेदार होता?

बायबलमधल्या योसेफाला भावांनी विकलं, पुढे तो मिसरात (इजिप्तमध्ये) मोठा अधिकारी झाला. त्याच्या हुकमावरून धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या गोणीत रुप्याचा प्याला लपवणारा एवढीच योसेफाच्या कारभाऱ्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बाकी भावांशी समेट म्हणे एकट्या योसेफाच्या अश्रूंनी झाला. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा ४३ वा अध्याय सावकाश वाचा, म्हणजे हा समज टिकत नाही.

मिसरात धान्यासाठी दुसऱ्यांदा आलेले, योसेफाला न ओळखणारे भाऊ योसेफाच्या दारातच थबकले होते. पहिल्या खेपेला धान्यासाठी दिलेले, पण गोण्यांत परत सापडलेल्या पैशांवरून आपल्याला गुलाम करतील, गाढवंही हिसकावतील, ही धास्ती. पैशांची ती हकीकत त्यांनी सांगितली कारभाऱ्याजवळच. तो म्हणाला, भिऊ नका. तुमचा पैसा मला पोचला, गोण्यांतलं धन तुमच्या बापाच्या देवाने दिलं. मिसरी घरातला चाकर त्यांच्याच देवाचं नाव घेऊन धीर देतो! मग त्याने ओलीस ठेवलेल्या त्यांच्या भावाला, शिमोनाला बाहेर आणलं, पाय धुवायला पाणी दिलं, गाढवांना वैरण घातली.

आणि प्याल्याचा प्रसंग? कारभाऱ्याने चोरीचा आळ घेतला तेव्हा, ज्याच्याकडे सापडेल तो मरो, आम्ही सगळे गुलाम होऊ, असं भाऊच बोलून बसले होते. कारभाऱ्याने ती शिक्षा उतरवली: तो एकटा गुलाम, बाकीचे निर्दोष. योसेफाने त्याला दिलेल्या हुकमात ही सवलत नोंदलेली नाही, म्हणून मला ती मोलाची वाटते.

त्याचं नावही ग्रंथात नाही. योसेफाने ओळख दिली, तेव्हा भावांखेरीज सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं होतं.