खुलासा : 'लगेच विसरतात, मग भेटून काय उपयोग?'
डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांना केअर होममध्ये भेटून उपयोग नाही, ते लगेच विसरतात, असं सर्रास फॉरवर्ड होतं. विसरतात हे खरंच, म्हणून ते पटतंही. पण अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतला आठवणी साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे नवी घटना नीट साठत नाही. भावना मात्र फक्त त्याच भागावर अवलंबून नसतात. म्हणून कोण आलं होतं हे पुसलं गेलं, तरी बरं वाटणं काही वेळ टिकू शकतं.

पडताळायचंय? छोट्या होममध्ये ते सोपं असतं. भेटीनंतर आई नीट जेवली का, संध्याकाळच्या येरझाऱ्या कमी झाल्या का, हे तिथल्या मावशींना विचारा. एकाच भेटीवरून ठरवू नका. आणि "मी कोण, ओळख बघू" असं कृपया विचारू नका, स्वतःच नाव सांगा. परीक्षा घेतली की ही माणसं कावरीबावरी होतात.