दोन पावलांची सवलत

नाशिकला गंगापूर रोडकडच्या एका सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर परवा शिट्टी वाजली. सरांनी छातीसमोर दोन्ही मुठी गरागरा फिरवल्या, म्हणजे ट्रॅव्हलिंग, बॉल हातात धरून नियमाबाहेर चालणं. आठवीतला पोरगा अडूनच बसला, "सर, दोनच स्टेप्स घेतल्या! मोजा ना!"

दोन पावलं त्याने घेतली होती हे खरं. पण ती कुणाला मिळतात?

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी या खेळाचे १३ नियम लिहिले. त्यातला तिसरा: बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच फेकायचा. मात्र वेगात पळताना झेलला असेल आणि खेळाडू थांबायचा प्रयत्न करत असेल, तर थोडी मोकळीक. सेकंदाला ५ मीटर वेगाने पळणारा, बूट आणि जमीन यांचा घर्षणांक ०.८ धरला, तर सुमारे १.६ मीटरच्या आत थांबूच शकत नाही. म्हणजे जेमतेम दोन पावलं! कोर्टवर धूळ असली आणि घर्षण निम्मं झालं, की हेच अंतर दुप्पट. पोरं सारखे बुटांचे तळवे पुसत असतात ते उगाच नाही.

बॉल धरलेला खेळाडू पडला आणि वेगाच्या भरात घसरत गेला, तर तो गुन्हा नाही. बॉल न सोडता लोळला किंवा उठायला गेला, की शिट्टी. जडत्वाला माफी आहे, स्नायूंना नाही. मला हा नियम फार आवडतो.

टीव्हीवर तीन पावलं दिसतात, त्याचंही कारण आहे. पळता पळता बॉल हातात येताना जो पाय जमिनीवर असतो, तो ऑक्टोबर २०१७ पासून 'फिबा' या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मोजत नाहीत. यालाच झिरो स्टेप म्हणतात.

ड्रिबल करताना, म्हणजे बॉल आपटत पुढे नेताना, मात्र पावलांना मर्यादाच नाही, कारण बॉल हातात नसतोच. १.८ मीटरवरून सोडलेला बॉल जेमतेम मीटरभर उसळतो, दर टप्प्याला चाळीसेक टक्के ऊर्जा जाते. ती भरून काढायला वरून ढकलावं लागतं. तळवा बॉलखाली गेला आणि बॉल त्यावर विसावला, की ड्रिबल संपला. तसाच पुढे आपटत राहिलात तर कॅरी, म्हणजे तोही नियमभंग.

आता आपला पोरगा. त्याने बॉल झेलला तो उभ्या उभ्या, दोन्ही पाय जमिनीवर. उजवा पाय पुढे टाकला, तिथेच डावा पिव्हट, म्हणजे जागचा न हलवायचा पाय, ठरला. बॉल हातातच, आणि याने डावाही उचलला. आवरायला वेगच नव्हता, मग सवलत कसली?

पुढच्या वेळी त्याने आधी बॉल टाकला, डावा पाय मग उचलला. बॉल त्याच्याच बुटावर आपटून लाइनबाहेर गेला.