टर्बो म्हणजे टर्बाइन इंजिन नव्हे

नाशिकला अंबडच्या गॅरेजवाल्याने एस्टिमेटवर दोनच शब्द लिहिले होते: 'टर्बाइन खराब'. संध्याकाळी तो कागद सोसायटीच्या कट्ट्यावर अण्णांना दाखवला. अण्णा ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले, सगळी नोकरी मिग आणि सुखोईत गेली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तुझ्या डिझेल गाडीत टर्बाइन? मग धावपट्टी कुठे केलीस, गंगापूर रोडला?"

तसं बघितलं तर गॅरेजवाल्याचं चुकलेलं नव्हतं. टर्बोचार्जरच्या पोटात टर्बाइन असतंच. पण टर्बाइन असलेली गाडी आणि टर्बाइनवर चालणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे कूलरपासून मिक्सरपर्यंत ज्याच्या-त्याच्यावर 'टर्बो' छापलेलं असतं, त्यामुळे गोंधळ वाढतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने माझा जुना टर्बो काढून हातात दिला. गोगलगायीचे दोन शंख पाठीला पाठ लावून जोडावेत, तसं ते धूड दिसतं. एका शंखात काजळीने काळं झालेलं चाक, दुसऱ्यात अॅल्युमिनियमचं स्वच्छ चाक, आणि दोघांना जोडणारा पेन्सिलीएवढा दांडा. काळ्या चाकावर इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर आदळतो, ते फिरतं. हेच टर्बाइन. त्याच्या जोरावर पलीकडचं चाक फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की तेवढ्याच इंजिनात जास्त इंधन जाळता येतं. टाटांचं १,१९९ सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन टियागोत साधं बसवलं तर ८५ हॉर्सपॉवरच्या आसपास देतं, नेक्सॉनमध्ये टर्बोसकट बसवलं की १२० च्या आसपास. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने या युक्तीचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. जो धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जायचा, त्याच्याकडून काम करून घ्यायचं, एवढाच त्यातला हिशेब.

आता तीच दोन चाकं घ्या आणि मधलं पिस्टनचं इंजिन काढून टाका. त्या जागी एक भट्टी ठेवा. एका चाकाने हवा दाबायची, भट्टीत इंधन अखंड जळत ठेवायचं, आणि तापलेल्या वायूने दुसरं चाक फिरवायचं. हे झालं गॅस टर्बाइन इंजिन. अण्णांनी मला हेच एका वाक्यात सांगितलं होतं: "टर्बोत दोन चाकांच्या मध्ये इंजिन असतं, टर्बाइनमध्ये ती चाकंच इंजिन असतात." मोटारीत गिअरबॉक्सकडे जाणारी ताकद काढायला सहसा आणखी एक वेगळं टर्बाइन लावतात. पहिलं आपल्याच कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाची, चाकरी करत असतं. त्या चाकरीत एकूण ताकदीचा साधारण दोन तृतीयांश भाग खर्च होतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

असलं इंजिन मोटारीत बसवण्याचा नाद ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने आधी केला. १९५० मध्ये त्यांनी 'जेट १' नावाची उघडी दोन सीटची गाडी चालवून दाखवली. दोन वर्षांनी बेल्जियममध्ये ती ताशी जवळजवळ २४५ किलोमीटरने धावली. मात्र ती इंधन असं प्यायची की लिटरला जेमतेम दोन किलोमीटर. आज ती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

खरी परीक्षा अमेरिकेत झाली. क्रायस्लरने इटलीच्या घिया कारखान्यातून बॉडी करून घेऊन ५५ टर्बाइन गाड्या बांधल्या, आणि त्यातल्या ५० गाड्या १९६३ ते १९६६ या काळात २०३ सामान्य गिऱ्हाइकांना तीन-तीन महिने वापरायला दिल्या. गाडी फुकट, इंधन ज्याचं त्याचं.

त्या गाड्यांचे फायदे वाचले की आपला जीव हळहळतो. रेडिएटर नाही, कूलंट नाही. स्पार्क प्लग एकच. हलणारे भाग पिस्टन इंजिनाच्या मानाने फारच थोडे. पिस्टन वर-खाली होण्याचा प्रश्नच नसल्यामुळे थरथर जवळजवळ नाही. कडाक्याच्या थंडीतही झटकन चालू. इंजिन १३० हॉर्सपॉवरचंच, पण गाडी जागची हलायच्या आधीच ५७६ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) तयार, जो आजच्या दणकट डिझेल एसयूव्हींनाही सहसा जमत नाही. आणि खायला काहीही चालायचं: डिझेल, रॉकेल, सोयाबीनचं तेल. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष अदोल्फो लोपेझ मातेओस यांनी तर ती टकीलावर चालवून बघितली. गंमत अशी की नको असायचं ते एकच इंधन, शिसं घातलेलं पेट्रोल, आणि त्या काळात अमेरिकेच्या पंपांवर सर्रास तेच मिळायचं.

मग बिनसलं कुठे? आमच्या नाशिकच्या द्वारका चौकात.

म्हणजे खरोखरच्या द्वारकेला ती गाडी कधी आली नाही, पण तिचं सगळं दुखणं तिथल्या सिग्नलला समजतं. संध्याकाळी सहा-साडेसहाला द्वारकेला आपली गाडी उभी असते तेव्हा इंजिन आठशे-नऊशे आरपीएमवर गुणगुणत असतं आणि थेंबथेंब डिझेल खातं. क्रायस्लरचं टर्बाइन नुसतं उभं असतानाच १८ ते २२ हजार आरपीएमवर फिरायचं. त्याला पर्याय नाही. वेग कमी केला तर कॉम्प्रेसर पुरेशी हवा दाबत नाही, आणि मग भट्टीच विझेल. काम शून्य असलं तरी कॉम्प्रेसरची चाकरी सुटत नाही. पूर्ण जोरावर टर्बाइन बरं वागतं, अर्ध्या जोरावर उधळं होतं, आणि शहरातली मोटार आयुष्याचा मोठा भाग पाव जोरावरच चालते.

टर्बाइनला काय मानवतं ते बघायचं तर एकलहऱ्याला जा. तिथल्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे संच आहेत. ती वाफेची टर्बाइनं, गॅसची नव्हेत, पण स्वभाव तोच. मिनिटाला ३,००० फेरे, दिवस असो की रात्र, कारण ग्रीडचे ५० हर्ट्झ सांभाळायचे असतात. सिग्नल नाही, स्पीडब्रेकर नाही, पुढे अचानक वळणारी रिक्षा नाही. ओझरहून उडालेलं सुखोईही तसंच, एकदा वर गेलं की बराच वेळ एका चालीत, आणि वजनाच्या मानाने इतकी ताकद कुठलंच पिस्टन इंजिन देत नाही. (त्याची इंजिनं मात्र ओझरला नाही, ओडिशात कोरापुटला होतात. हे सांगितलं नाही तर अण्णा मला कट्ट्यावर बसू देणार नाहीत.) शर्यतीतही टर्बाइन शोभलं. १९६७ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये पार्नेली जोन्सची टर्बाइन गाडी बहुतेक सगळा वेळ पुढे होती आणि शेवटचे थोडे फेरे उरलेले असताना थांबली. तेही टर्बाइनमुळे नव्हे, गिअरबॉक्समधली एक बेअरिंग गेली म्हणून.

रस्त्यावरची दुसरी तक्रार पिकअपची. पेडल दाबलं की ते चाक वेग घेईपर्यंत सेकंद-दीड सेकंद गाडी नुसता विचार करायची. टर्बोवाल्या गाडीतही हा 'लॅग' असतो आणि कारणही हेच, चाकाला वेग घ्यायला वेळ लागतो. फरक एवढाच की टर्बो जागा होईपर्यंत मधलं पिस्टन इंजिन गाडी ओढत असतं. टर्बाइन गाडीत वाट बघण्यावाचून इलाज नाही.

तिसरी गोष्ट घाटाची. कसारा उतरताना आपण गिअर खाली टाकतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. टर्बाइन गाडीत चाकांना जोडलेलं टर्बाइन कॉम्प्रेसरपासून सुटं असतं, त्यामुळे ही पकड आपोआप मिळत नाही. क्रायस्लरने वायूची दिशा बदलणाऱ्या हलत्या पात्या बसवून ती आणली. वाया जाणारी उष्णता वाचवायला फिरत्या तबकड्या बसवल्या, त्या धुरातली उष्णता उचलून आत येणाऱ्या हवेला द्यायच्या. दोन्ही उपाय हुशारीचे होते. पण साधं इंजिन म्हणून ज्याचं कौतुक करायचं, त्यात अशी एकेक ठिगळं लागत गेली. शिवाय सतत लाल होऊन फिरणाऱ्या पात्यांना महाग मिश्रधातू हवा, आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आवरणं कठीण. त्या ५५ गाड्यांपैकी नऊच उरल्या, बाकीच्या मोडीत गेल्या.

टर्बोलाही निकल मिश्रधातूचंच चाक लागतं, पण ते तळहातावर मावतं. लहान गाडीच्या टर्बोत तर ते मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातं आणि बिघडलं तर गाडी निदान घरापर्यंत येते. माझी आली, काळा धूर सोडत.

२०१० मध्ये टाटांच्या मालकीच्या जग्वारने पॅरिसला 'सी-एक्स७५' दाखवली. तिच्यात दोन छोटी टर्बाइनं होती, प्रत्येकी ७० किलोवॅटची, मिनिटाला ८०,००० फेऱ्यांची. चाकं फिरवायची ती विजेच्या मोटरींनी, टर्बाइनने फक्त वीज बनवायची, म्हणजे एकलहऱ्यासारखं एकाच चालीत राहायचं. कल्पना मला अजून पटते. पण गाडी विकायला काढायचं ठरलं तेव्हा टर्बाइनं गेली आणि त्या जागी १.६ लिटरचं पिस्टन इंजिन आलं, टर्बो लावलेलं. पुढे २०१२ मध्ये तीही योजना गुंडाळली.

माझ्या टर्बोचं निदान मेकॅनिकने बोटाने केलं. दांडा वर-खाली किंचित हलला तर चालतं, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. पण माझा पुढे-मागेही सरकत होता आणि चाकाच्या पात्यांची टोकं शंखाला घासून चकचकीत झाली होती. "काका, घाट चढून आल्यावर लगेच बंद करता का गाडी?" त्याने विचारलं. करत होतो. दर आठवड्याला मुंबईहून येताना कसारा दामटून चढायचा, वर घाटनदेवीपाशी थांबायचं आणि चावी फिरवून थेट चहाच्या टपरीवर. इंजिन बंद झालं की तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या दांड्याजवळचं तेल तिथेच जळून कोळसा होतं. आता गाडी मिनिटभर चालू ठेवून मी आतच बसतो, आणि चहा सौ. घेऊन येते.